स्ट्रेस फ्रॅक्चरच्या नावावर ठाण्यात काय काय मिळतं, आणि त्यातलं काय घ्यावं

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिच्या तयारीतल्या लांब धावा ऑक्टोबरात वाढायला लागतात आणि नोव्हेंबर सरता सरता उपवन तलावाच्या काठावर, येऊरच्या उतारावर लंगडणारी माणसं दिसायला लागतात. पोलीस भरती निघाली की साकेत मैदानाच्या आसपास हीच गत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सहा महिने पाय हलवायचा नाही आणि मग तीन आठवड्यांत सगळं उरकायचं, तेही पातळ तळाचे बूट घालून डांबरावर. नडगी दुखते, मुका मार म्हणून बाम चोळला जातो, बाटली संपत येते तेव्हा कुणीतरी स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेला बारीक तडा, हा शब्द काढतं. तिथून बाजार सुरू होतो: बूट, मशीन, इंजेक्शन, गोळ्या, काढे, लेप, मालिश. ठाण्यात यातलं बहुतेक सगळं मिळतं. त्यात पैसे कुठे घालावेत आणि कुठे हात आखडावा, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी दुखण्याचं मूळ, कारण सगळा निवाडा त्यावर आहे. हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार पडायला लागला की ते स्वतःची डागडुजी काढतं. जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी आधी येतात आणि साधारण तीन आठवड्यांत खोदकाम उरकतात. नवं हाड भरणाऱ्या पेशी मागून येतात. त्यांना तीन महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. घोडबंदर रोडवर खोदून ठेवलंय, भराव पडायचाय आणि वाहतूक मात्र सोडून दिली, तसा प्रकार. सराव वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तडा जातो तो यामुळे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने कवायतीनंतर पाऊल सुजलेल्या सैनिकांची नोंद केली, तेव्हा एक्स-रे यायला चाळीस वर्षं बाकी होती. त्या सैनिकांना लागू पडलं तेच आजही लागू पडतं: भार काढा, भरावाला वेळ द्या, मग भार हळूहळू परत चढवा. बाजारातली वस्तू यातलं कुठलं काम करते, हे विचारायचं. नुसती कळ दाबत असेल तर ती उपयोगाची नाहीच, उलट घातक ठरू शकते. कळ बंद झाली की माणूस धावायला निघतो.

तपासणी: एक्स-रे स्वस्त, पण उशिरा बोलतो

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुतेकांचा 'नॉर्मल' येतो. तडा केसाएवढा असतो आणि भरणारं हाड अजून दिसण्याइतकं जमलेलं नसतं. 'एक्स-रेत काही नाही, धावा' हा सल्ला इथेच घात करतो. खरा उजेड पडतो तो एमआरआयमध्ये. तिथे हाडाच्या आतली सूज तडा जाण्याआधीच दिसते आणि रिपोर्टमध्ये एक ते चार अशी श्रेणी देता येते. नडगीच्या बाबतीत पहिल्या श्रेणीला दोन-तीन आठवड्यांची सुट्टी पुरते. चौथीला, म्हणजे तड्याची रेघच दिसत असेल तर, तीन महिने धरून चालावं. पैसे खर्च करायचेच तर इथे करा. शंका आली की लगेच एक, एवढा पुरतो. बरं झालं का बघायला पुन्हा काढण्यात अर्थ नाही, कारण सूज दुखणं गेल्यावरही महिनोन् महिने चित्रात दिसत राहते.

एमआरआयला जाताना दोन गोष्टी कराव्यात, ज्या सेंटरवाले आपणहून सांगतीलच असं नाही. बोटाने दाबून सगळ्यात जास्त दुखणारी जागा शोधावी आणि त्वचेवर तिथे माशाच्या तेलाची किंवा व्हिटॅमिन ईची मऊ कॅप्सूल चिकटपट्टीने लावायला सांगावी. ती चित्रात चमकते आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याची नजर नेमकी तिथे जाते. दुसरं म्हणजे चिठ्ठीवर 'पाय दुखतो' एवढंच नको; 'उजवी नडगी, आतली कड, घोट्याच्या वर चार बोटं, पाच आठवड्यांपासून' असं लिहून घ्यावं. शिरेतून रंग सोडायची गरज सहसा पडत नाही.

बोटाने दाबून पाहण्यात आणखी एक खुबी आहे. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो, धावायला लागल्यावर अंग गरम झालं की कमी होतो, ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे तडा न गेलेली नडगीची दुखी. एका नाण्याएवढ्या जागेवर कळ उठते, धावताना वाढत जाते आणि पुढे रात्रीही ठणकते, ते हाडाचं. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा काटा, हाडावर टेकवून निदान करणारेही भेटतात. ती परीक्षा भरवशाची नाही. सोसायट्यांमध्ये टाच यंत्रात घालून हाडांची फुकट तपासणी होते, तिचाही या दुखण्याशी संबंध नाही.

सर्जिकलच्या दुकानातला बूट

सगळ्या बाजारात दामाला जागणारी वस्तू कुठली, तर हा चालायचा बूट. करडा किंवा काळा, स्कीच्या बुटासारखा दिसणारा, दुकानात 'वॉकर बूट' किंवा 'एअर वॉकर' म्हणून मागतात. प्लास्टरचं काम करतो आणि आंघोळीला काढता येतो. पण घेताना लोक फसतात ते मापात आणि उंचीत. मधल्या बोटांच्या मागच्या लांब हाडांना तडा असेल तर पोटरीच्या मध्यापर्यंतचा आखूड बूट चालतो. नुसत्या कडक तळाच्या चपलेवरही कित्येकांचं भागतं. नडगी किंवा तिच्या बाजूचं बारीक हाड असेल तर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा उंचच हवा. दुकानदार हातातला देतो. तो कुठपर्यंत येतो ते आपण पाहायचं.

घालून पाहताना खुर्चीत बसावं, गुडघा काटकोनात, पोटरीपर्यंत येणारा सुती मोजा घालून. टाच मागे पूर्ण टेकली पाहिजे. टाचेखाली फट राहिली तर चालताना पाय आत वरखाली होतो आणि चार दिवसांत घोट्याच्या मागे फोड येतो. पट्टे बोटांकडून वर बांधत यायचे. हवेची पिशवी असेल तर पट्टे लावल्यावर हवा भरायची, आणि पाय धरल्यासारखा वाटला की थांबायचं. बोटांना मुंग्या आल्या तर हवा जास्त झाली. पंप दाबायला मजा येते म्हणून लोक भरत सुटतात.

दुकानात न सांगितली जाणारी मोठी गोष्ट: या बुटाचा तळ जाड आणि होडीसारखा गोल असतो. त्या बाजूचा पाय दोन-तीन सेंटीमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात सपाट चप्पल घातली की कंबर वाकडी, आणि दोन आठवड्यांत तक्रार नडगीची राहत नाही, पाठीची होते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घालावा किंवा खाली उंची वाढवणारी पट्टी बांधून घ्यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहानंतर हे पाळणं अवघडच, तेव्हा लिफ्टची रांग परवडली. उजव्या पायात बूट असेल तर गाडी चालवायची नाही, ब्रेकचा अंदाज येत नाही.

पावसाळ्यात आतलं स्पंजचं अस्तर एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि ओल्या अस्तरात कातडी सोलते. बाहेर पडताना वरून प्लास्टिकची पिशवी, घरी आल्यावर अस्तर काढून पंख्याखाली. शक्य असेल तर अस्तराचा दुसरा जोड घ्यावा. वेल्क्रोत मोज्याचे धागे अडकतात, ते जुन्या टूथब्रशने काढावेत, नाहीतर महिन्यात पट्टा सुटायला लागतो.

बूट किती दिवस? साध्या जागेच्या तड्याला दोन ते सहा आठवडे, आणि बुटात चालणंही दुखत असेल तर सोबत कुबड्या. घरी बसल्यावर दिवसातून चार-पाच वेळा काढून घोटा फिरवावा. तो आखडला तर पुढे बरे व्हायला जेवढे दिवस, तेवढेच तो सोडवायला. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ते हाडाचं नाही, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

नडगीसाठी हवेचे पट्टेही मिळतात, बुटाऐवजी पायाला लावून चालता येतात असे. त्यांची ख्याती १९९७ सालच्या एका छोट्या अभ्यासाने झाली: पट्टा लावलेले खेळाडू तीन आठवड्यांत मैदानावर, बाकीचे अकरा आठवड्यांत. पुढे अमेरिकन लष्करात करून पाहिलं तर तसा फरक दिसला नाही. हाताशी असेल तर लावा, त्याच्या मागे धावू नका.

ज्या तड्यांना बूट पुरत नाही

इथे घाई हवी. जांघेत खोल दुखतं आणि एका पायावर उडी मारता येत नाही, तर खुब्याच्या मानेत तडा असू शकतो. त्या मानेच्या वरच्या बाजूला तो असेल तर ताणाने उघडत जातो; सरकला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्याच दिवशी कुबड्या, लगेच एमआरआय, आणि बहुधा स्क्रू. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे बोट दाबलं की दुखणारं नाविक्युलर हाड दुसरं. त्याला रक्त कमी मिळतं, म्हणून सहा ते आठ आठवडे पाय अजिबात न टेकता प्लास्टर, आणि तड्याची रेघ पाहायला सीटी स्कॅन. करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या मुळाशी तडा असलेल्या खेळाडूला बरेच सर्जन स्क्रू सुचवतात आणि त्यात लूट नाही. नडगीच्या पुढच्या धारेवर एक्स-रेत काळी आडवी रेघ दिसली तर तेही हट्टी दुखणं, सळी घालायची वेळ येते. अंगठ्याखालची दोन बारकी हाडंही याच यादीत.

वेगवान गोलंदाजांचं पाठीतलं प्रकरण वेगळंच. कमरेच्या मणक्यात, चेंडू टाकणाऱ्या हाताच्या उलट बाजूला, मागे वाकलं की दुखतं. जसप्रीत बुमराहच्या पाठीत २०१९ साली असा तडा निघाला आणि मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली; तो परतला ऑगस्टमध्ये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 'स्नायू ओढला असेल' म्हणून पट्टा बांधून शनिवार-रविवारी दोन सामने टाकायला लावणाऱ्या पालकांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. तीन महिने गोलंदाजी बंद, ही त्यातली कमीत कमी किंमत.

मशीनचा विभाग

फिजिओथेरपीच्या पाटीवर 'अल्ट्रासाउंड' असतंच. पण हाडासाठी ज्याचा अभ्यास झाला ते निराळं यंत्र: १.५ मेगाहर्ट्झ, दर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॅट, रोज वीस मिनिटं. स्नायू शेकायला जे वापरतात त्याची ताकद याच्या कितीतरी पट असते, आणि दुखऱ्या हाडावर फिरवलं की कळच उठते. 'हाड भरायला अल्ट्रासाउंड देतो' असं कुणी म्हटलं तर कुठलं, एवढं विचारावं. आणि ते खरं यंत्र? नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षणार्थींमध्ये २००४ साली करून पाहिलं, खऱ्या आणि खोट्या यंत्रात फरक निघाला नाही. सळी घातलेल्या नडगीवर २०१६ साली मोठी चाचणी झाली, तीही निकामी. भाड्याने घेऊन महिने भरण्यात शहाणपण नाही.

शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने दुखऱ्या जागेवर दाबलहरींचा मारा, सध्या चलतीत आहे. त्यात दोन जाती: खोल एका बिंदूवर मारा करणारी आणि वरवर पसरणारी. बहुतेक ठिकाणी असते ती दुसरी; टाचदुखीला ठीक, हाडापर्यंत तिचा जोर पोचत नाही. पहिल्या जातीबद्दल काही खेळाडूंवरच्या नोंदी आशादायक आहेत, पण तुलनेला दुसरा गट नसलेल्या. तीन-चार महिने होऊनही न भरणाऱ्या तड्यासाठी, सर्जनने सांगितलं तर, विचार करावा. पहिल्याच भेटीत सहा बैठकांचं पॅकेज पुढे ठेवलं गेलं तर उठावं. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ तर नकोच.

स्वतःच्या रक्तातलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला भाग, काढून तड्यावर टोचतात. स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी भक्कम पुरावा नाही, खर्च भक्कम आहे. रोज पोटावर टोचायचं टेरिपॅराटाइड हे खरं हाड वाढवणारं औषध, पण ते ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं. खेळाडूच्या तड्याला देणं म्हणजे परवान्याबाहेरचा वापर, आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांना अजिबात नाही. टेप, लेझर, चुंबक यांनी हाडाला काही होत नाही. ॲक्युपंक्चरसारख्या सुया टोचल्याने दुखणं कमी होतं, म्हणूनच त्या काळात जास्त सांभाळायचं. होमिओपॅथीचं सिम्फायटम घेणाऱ्याचं नुकसान एवढंच, की थांबायचं ते तो थांबत नाही.

कांडवेल, लाक्षादी आणि हाडवैद्य

कांडवेल, म्हणजेच हाडसांधी, चौधारी आणि पेराला जोडलेली, कुंडीत कुठेही लागते. तिच्यावरचे अभ्यास मुख्यतः जनावरांवर आणि जबड्याच्या मोडक्या हाडांवर, तेही छोटे. स्ट्रेस फ्रॅक्चरवर तिने दिवस वाचतात असं दाखवणारं काही नाही. चटणीत किंवा तुपात परतून खायला हरकत नाही. कच्ची मात्र खाऊ नये. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा चरचरतो. चिंच घालायची किंवा तुपात परतायची जुनी पद्धत त्यासाठीच. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दूर राहावं.

लाक्षादी गुग्गुळात लाख, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ. गुग्गुळ थायरॉइडवर आणि दुसऱ्या औषधांच्या परिणामावर हात मारतो, म्हणून ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याने डॉक्टरला सांगूनच घ्यावं. लेबल नसलेली, पुडीतून मिळणारी, भस्म घातलेली औषधं नकोत. त्यात शिसं, पारा सापडल्याची उदाहरणं आहेत. डोपिंग चाचणी होणाऱ्या खेळाडूने तर बॅच नंबर नसलेली कुठलीही पूड तोंडात घालू नये.

हाडवैद्याकडे जाण्यात अडचण साधी आहे: इथे जोडायला काही निसटलेलंच नसतं. ओढणं, दाबणं, मालिश, यातलं काहीही दुखऱ्या जागेवर केलं तर केसाएवढा तडा रुंद होऊ शकतो. लेप लावून घट्ट पट्टा बांधला आणि बोटं निळसर पडली, बधिर झाली, तर रात्र काढू नये, पट्टा तिथल्या तिथे कापावा. पोटरीचे वरचे स्नायू मोकळे करायला तेलाची मालिश चालेल. हाडाची जागा सोडून.

गोळ्या, ताट आणि उपवास

व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं. दर मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा आठवड्याला एक ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे देतात. इथली ठरलेली चूक: आठवड्याची पुडी रोज घेणं. रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, सतत तहान, मूत्रपिंडावर ताण. पुडी दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावी आणि घरच्या कॅलेंडरवर रविवारी गोल करावा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅम पुरे. लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा दोन भाकऱ्या आणि दोन पेले दुधाने दिवसाच्या गरजेची बरीच वाट सरते. अमेरिकन नौदलातल्या मुलींना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं तेव्हा तडे पाचव्या हिश्श्याने घटले, हे २००८ सालचं. तो प्रतिबंध होता. गेलेला तडा त्याने लवकर भरतो असं कुणी समजू नये. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल; डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि इंजेक्शनं मात्र टाळलेली बरी, भराव लांबण्याची शंका आहे आणि कळ झाकली जाते ते वेगळंच.

कुठल्याच दुकानात न मिळणारी गोष्ट म्हणजे पुरेसं जेवण. लांब धावांचा महिना आणि नवरात्र एकाच वेळी येतात. व्यायामात जाळलेलं वजा करून चरबीविरहित वजनाच्या दर किलोला ३० कॅलरीही उरत नसतील तर शरीर हाडाची डागडुजी बंद करतं. ५५ किलोची मुलगी, त्यात चरबी सोडून ४४ किलो. तिला १३२० कॅलरी उरल्याच पाहिजेत. सकाळी ७०० जाळल्या तर दिवसाचं ताट २०२० च्या वर, आणि हा तळ आहे, पोटभर नव्हे. साबुदाण्याच्या एका वाटीवर हे बसत नाही. तीन महिने पाळी आली नसेल तर ते 'सराव चांगला चाललाय' याचं लक्षण नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग बूट.

परतीचा रस्ता

पाय बुटात असताना दम टिकवायला पाणी सगळ्यात चांगलं. खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधून, तळाला पाय न टेकता धावायचं: दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश, दहा वेळा. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा कमी दिसते, त्यावरून जोर मोजू नये. भिंतीला पाय लावून ढकलायचं नाही, आणि तलावाच्या कठड्यापर्यंत बूट घालूनच जायचं. ओल्या फरशीवर अनवाणी घसरण्याने सगळं पाण्यात. हवेच्या पिशवीत कंबर अडकवून वजन कमी करणारी ट्रेडमिल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ती छान आहे. व्यावसायिक खेळाडूला एकेक आठवडा महत्त्वाचा, बाकीच्यांना तेच काम चालणं-धावणं मिसळून फुकटात होतं.

ते असं. दाबल्यावर दुखत नाही, आठवडाभर चालताना दुखत नाही, पाऊण तास झपाझप चालता येतं, त्या पायावर दहा उड्या मारता येतात. मगच पहिली धाव. एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, सहा वेळा, एक दिवसाआड. दर दोन धावांनंतर धावेचं एक मिनिट वाढवायचं, चालीचं कमी करायचं. सलग अर्धा तास जमल्यावर अंतर, मग वेग, चढ-उतार सगळ्यात शेवटी. येऊरचा उतार तर फारच शेवटी, कारण नडगीला मार उतरताना बसतो. पावलं आखूड करून मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाकली तर दर पावलाचा मार कमी होतो. रात्री ठणकलं किंवा दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरताना त्याच नाण्याएवढ्या जागेवर कळ आली, तर दोन दिवस सुट्टी आणि मागच्या पायरीवर परत. तिथेही दुखलं तर बूट माळ्यावर टाकला असेल तो खाली काढायचा.